हाताने रंगवलेल्या चामड्यावर पट्टे आणि डाग: रंग एकसारखा कसा आणायचा?

कातडीबचाव

मंडळी, हस्तकला विभागात लाकूडकाम आहे, क्रोशे आहे, रेझिनच्या दागिन्यांचे तर ढीग आहेत, पण चामड्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून थेट धागाच काढतो.

मी पट्टे, पाकिटं, वह्यांची कव्हरं घरीच करतो. आजवर बहुतेक माल नैसर्गिक रंगातच गेला. तेल, मेण, फडकं, झालं काम. आता एका कॅफेने मेनूकार्डांच्या कव्हरांची ऑर्डर दिली आहे. गडद तपकिरी. मालकीणबाईंची अट एकच: सगळी कव्हरं एका ओळीत मांडली तर रंगात फरक दिसता कामा नये. आगाऊ पैसे घेऊन बसलोय.

माल तमिळनाडूतला, व्हेज टॅन (म्हणजे झाडांच्या सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेला), म्हशीचा, साधारण २ मिमी जाड. रंग बाटलीतला, स्पिरिटमधला. लावायला लोकरीचा बोळा.

होतं काय, बोळा पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे काळपट गोल उमटतो, तो पुढे कितीही हात मारले तरी जात नाही. एक हात दुसऱ्यावर चढतो तिथे पट्टा दिसतो. आणि खरं कोडं हे की एकाच कातड्यातून कापलेले दोन तुकडे, एकच बाटली, एकच दिवस, तरी एक कॉफी आणि एक चॉकलेट. युट्यूबवर एक जण म्हणतो आधी पाणी फिरवा, दुसरा म्हणतो चुकूनही फिरवू नका, तिसरा आधी तेल लावतो. फोटो जोडले आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळमार्गी

रंगवलेलं चामडं बाजारात मिळतं की. धारावीत जा, हवा तो तपकिरी उचला. हाताने रंगवायचा अट्टाहास कशाला?

कातडीबचाव

@सरळमार्गी, तिथे रंगीत मिळतं ते बहुतेक क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. त्यावर दाबून काढलेला ठसा नीट टिकत नाही आणि मला कॅफेचं चिन्ह दाबायचं आहे. शिवाय क्रोमच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत, त्यावर कड-रंगच फासावा लागतो. म्हणून व्हेज टॅन.

रंकाळ्याचा_वारा

तुकडे कातड्याच्या कुठल्या भागातनं कापले ते आधी सांगा. बाटली, बोळा, पाणी, तेल सगळं नंतर.

तुमच्या दुसऱ्या फोटोतला डावीकडचा तुकडा मला पोटाकडचा वाटतोय. पोट सैल असतंय, तंतू विरळ, रंग ढसाढसा पितंय. पाठीचा भाग घट्ट, तो हळू घेतो. मान वेगळी, तिथं वळ्या. एका कातड्यात तीन-चार स्वभाव असतात आणि तुम्ही सगळ्यांस्नी एकच माप लावताय. ओळखायची खूण सोपी आहे: दाणेदार बाजू (वरची, केसांकडची) आत घेऊन तुकडा बोटावर दुमडा. बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडल्या तर पाठ. जाड, फुगीर, सुटलेल्या सुरकुत्या पडल्या तर पोट.

आमच्या घरात पायताणाचा जोड कापताना डाव्या आणि उजव्या पायाचे पट्टे कण्याच्या दोन अंगांनी, समोरासमोरचे काढायची पद्धत. एक पट्टा पाठीचा आणि एक पोटाचा निघाला तर दोन महिन्यात तेल पिऊन दोन रंगाच्या चपला होतात, गिऱ्हाईक परत येतंय भांडायला.

अवांतर: कोल्हापुरी चपलेला कुठला रंग देता, असं लोक नेहमी विचारतात. जुन्या पद्धतीच्या पायताणाला रंग देतच नाहीत. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, आत बाभळीची साल आणि हिरडा भरून पाणी घालून टांगायचं, तो अर्क कातड्यातनं झिरपतो. जो रंग दिसतो तो सालीचा आणि हिरड्याचा. पुढं तेल, ऊन आणि पाय. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले, कारण अथणी-निपाणीकडंही हाच धंदा. पण आता लाल, काळी, चॉकलेटी मागतात, मग आम्हीबी रंगवतो.

कातडीबचाव

बरोबर ओळखलंत. कातडं महाग म्हणून कडेपर्यंत कापत गेलो होतो. डावीकडचा तुकडा पोटाचाच.

आम्लराज

धागा उशिरा पाहिला. रंकाळ्याचा_वारा यांनी मुळावरच बोट ठेवलं आहे, मी भर घालतो. काही वर्षं चेन्नई-राणीपेट पट्ट्यात टॅनरीच्या (कातडी कमावायच्या कारखान्याच्या) रंगखात्यात काढली आहेत, तेव्हा थोडं रसायन सहन करा.

बोळा टेकला की काळा गोल का पडतो? रंगवताना दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. रंग चामड्यात शिरत आणि पसरत असतो, आणि तंतूंना चिकटतही असतो. पसरणं आधी झालं तर रंग एकसारखा, चिकटणं आधी उरकलं तर डाग. स्पिरिट कोरड्या चामड्यात क्षणात शिरतं आणि तेवढ्याच घाईने उडून जातं. त्यात बोळ्यात सर्वांत जास्त रंग असतो तो पहिल्या टेकण्याच्या वेळी. म्हणजे सर्वांत जास्त रंग, सर्वांत कोरड्या जागी, पसरायला वेळच नाही. एकदा तंतूने धरला की पुढचा हात त्याला हलवू शकत नाही.

टॅनरीत ड्रममध्ये आम्ही याच दोन गोष्टींची वेळ सांभाळायचो. सुरुवातीला रंगाला चिकटू द्यायचं नाही, ड्रम फिरत राहील तसा तो सगळीकडे पोचतो, आणि मग शेवटी फॉर्मिक आम्ल घालून बसवायचा. तुमच्या टेबलावर ड्रम नाही. तुमच्या हातात आहे ओल आणि रंगाचा पातळपणा.

ओल: स्पंजने दोन्ही बाजूंना सारखं पाणी फिरवा. थेंब टाकू नका, ओल्या स्पंजने अख्खा तुकडा एका दमात भिजवा, नाहीतर पाण्याचेच डाग पडतील. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी होते. बाहेर काढून उघडं ठेवा. वरचा रंग जवळजवळ पूर्वीसारखा फिकट झाला, पण तुकडा गालाला लावला तर गार लागतो, ती वेळ रंगाची. चिंब असताना रंग लावलात तर तो आत शिरणार नाही, वर तरंगेल. युट्यूबवरच्या दोघांचं भांडण बहुधा इथलंच आहे, एकाने ओलसर म्हटलं आणि दुसऱ्याने ओलं ऐकलं.

पातळपणा: बाटलीतला रंग तसाच कधीच लावू नका. त्याच कंपनीचा पातळ करायचा द्राव मिळाला तर उत्तम, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक भाग रंगाला दोन भाग द्राव घेऊन सुरुवात करा. पहिला हात बघून निराश व्हाल, चहा सांडल्यासारखा दिसेल. दिसू दे. वाळला की दुसरा आडवा, मग तिसरा उभा. प्रत्येक हातात चूक झाली तरी ती एक-तृतीयांश ताकदीची असते आणि पुढचे हात ती झाकतात.

रंग कोणत्या जातीचा आहे यावरही बरंच ठरतं. सुट्या पुडीतला असेल तर जपून. बिस्मार्क ब्राऊनसारखे बेसिक डाय धनभारित असतात, व्हेज टॅनमधलं टॅनिन ऋणभारित. दोघांची अशी गट्टी जमते की रंग टेकला तिथेच बसला. दिसतो मात्र भडक, त्यामुळे दुकानदार कौतुकाने दाखवतो. एकसारखा येत नाही आणि उन्हात लवकर फिका पडतो. ॲसिड डाय किंवा मेटल कॉम्प्लेक्स डाय स्वतः ऋणभारित, त्यामुळे सावकाश धरतात, पसरायला उसंत देतात. बाटली घेताना दुकानदाराला जात विचारा. रंगाची.

आणि कापण्याआधी एक चाचणी करा. कातडं पसरून त्यावर खडूने वीतभर अंतराचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात ड्रॉपरने एक थेंब पाणी. थेंब किती सेकंदांत जिरतो ते त्याच चौकोनात खडूने लिहा. पाठीवर थेंब बराच वेळ फुगून बसेल, पोटावर पाहता पाहता गायब. सारख्या आकड्यांचे चौकोन एकत्र कापा. जास्त पिणारे तुकडे आतल्या अस्तराला, पेनाच्या पाकिटाला, किल्लीच्या गोफाला. नंतर पूर्ण कातड्यावरून ओला स्पंज फिरवून घ्या, म्हणजे थेंबांच्या खुणा राहणार नाहीत.

सरळमार्गी

एका मेनूकार्डासाठी पीएचडी!

परदेशस्थ_पांडू

वाचनखूण साठवली. आम्लराज, जबरदस्त प्रतिसाद.

माझी पद्धत थोडी वेगळी. इथे अमेरिकेत घोड्याची खोगिरं आणि पट्टे करणाऱ्यांच्या एका गटात जातो. तिथे बरेच जण रंगाच्या आदल्या दिवशी नीट्सफूट तेलाचा अगदी हलका हात देतात. हे गुरांच्या नळीच्या हाडांतून काढलेलं तेल. रात्रभर ते आत सारखं पसरतं, मग सकाळी रंग. कोरडी भुकेली जागा तेलाने आधीच थोडी भागलेली असते, त्यामुळे रंग एकदम ओढून घेत नाही. फीबिंग्ज कंपनीचा प्रो डाय हा स्पिरिटमधला रंग वापरतो, निम्मा पातळ करून. पट्ट्यासारख्या लांब तुकड्यावर मला पाण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण ओल कमी-जास्त होण्याची भानगड नाही.

आम्लराज

@परदेशस्थ_पांडू, स्पिरिटच्या रंगाला तुमची पद्धत चालते, मान्य. पाण्यातला रंग असेल तर तेलाचा हात जरा जड झाला की रंग मोत्यासारखा गोळा होऊन बसतो. आणि माझा अनुभव असा की लोकांना हलका हात म्हटलं की त्यांच्याकडून अंघोळच घातली जाते. नवख्याने पाणी वापरावं. जास्त झालं तर थांबलं की उडून जातं, तेल जात नाही.

रंकाळ्याचा_वारा

तेल आधी की नंतर यावर आमच्या चुलत्यांची भांडणं झाल्यात, इथं काय मिटणार.

आम्ही नंतरच लावतो. रंगाच्या स्पिरिटनं कातडं कोरडं, कडक होतंय, तेव्हाच त्याला तेलाची गरज असते. आधी लावलेलं तेल स्पिरिट पुसून नेतंय, मग परत लावा. पण पांडूसाहेब म्हणतात तसं करणारेबी आहेत, मी खोटं म्हणत नाही.

तेल कुठलं? तिळाचं नाहीतर एरंडेल, फडक्यावर घेऊन. जवसाचं तेल लावू नका, ते वाळून पापुद्रा धरतंय. खोबरेल थंडीत गोठतंय आणि वास येतो.

आता हाताची गोष्ट. जमीन सारवताना ओल तुटू देत नाहीत, सारवलेल्याची कड ओली असतानाच पुढचा हात पडला पाहिजे. रंगाचंही तसंच. तुकड्याच्या मधोमध थांबून फोन घेतला की पट्टा पडला म्हणून समजा. बोळा रंगात बुडवल्यावर आधी रद्दी कागदावर टेकवायचा, जादा रंग तिथं जाऊ दे. मग सुरुवात कव्हरच्या अशा कडेनं करायची जी दुमडून आत जाणार आहे. गोल गोल फिरवत पुढं सरकायचं आणि शेवटी कोरड्या होत आलेल्या बोळ्यानं एकाच दिशेनं लांब हात.

मोठ्या तुकड्याला लोकरीचा बोळा सोडा. जुन्या सुती बनियनची घडी करा, आत स्पंज घाला, मूठभर आकाराची गादी होते. बोळ्यापेक्षा दुप्पट जागा एका हातात निघते, म्हणजे जोड कमी.

वऱ्हाडी_ठेचा

मे महिन्यात अकोल्यात रंग लावून बघा, मग कळेल पट्टा काय असते. हात उचलेपर्यंत स्पिरिट हवेत. मी उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकतो आणि रंग नेहमीपेक्षा जास्त पातळ घेतो. कूलरसमोर तर अजिबात बसू नका, वारा ज्या अंगाने लागते ते अंग आधी वाळते आणि तिथेच गडद पट्टी.

आणखी एक, स्पिरिट म्हणजे पेट घेणारी वस्तू. आमच्या घरी देवघराची खोलीच सर्वांत थंड, म्हणून लोक तिथे बसतात. समई चालू असेल तर नका बसू बापा. खिडकी उघडी, हातात मोजे.

पुस्तकी_किडा

मी पुस्तकबांधणीच्या अंगाने सांगते. आमच्याकडे बकरीचं पातळ चामडं, पुठ्ठ्यावर चढवायचं. पण रंगाचे डाग तेच.

न समजणारे बरेच डाग रंगाचे नसतातच, रंग लागण्याआधीचे असतात. बोटांचा तेलकटपणा, कापताना लागलेला घाम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब. दाणेदार बाजूवर तो लागला आणि वाळून पारदर्शक झाला की डोळ्यांना दिसत नाही. रंग लावला की तिथे फिकट बेट. म्हणून आधी पूर्ण रंग, मग चिकटवणं आणि शिलाई. रंगवण्याआधी स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन सगळा पृष्ठभाग एकदा पुसून घ्यायचा. फडकं पिवळट होतं, तेवढी घाण निघाली.

दुसरं, ओल्या व्हेज टॅनला लोखंड लागू देऊ नका. खिळा, गंजकी पट्टी, कानशीचा भुगा, काहीही. निळसर काळे ठिपके पडतात आणि तपकिरी रंगाखालूनही दिसतात. हलका ठिपका लिंबाच्या रसाने जातो. गडद असेल तर ऑक्झॅलिक आम्लाचं अगदी सौम्य द्रावण, मोजे घालून, आणि नंतर पाण्याने नीट पुसून. ते विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या भांड्यात करू नका.

आणि माझी आवडती युक्ती, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत: मैद्याची पातळ खळ. दुधाइतकी पातळ. हाताने सगळ्या चामड्यावर फिरवायची, जादा पुसून घ्यायची, वाळू द्यायची. सैल जागेची भोकं थोडी भरतात आणि पिण्यातला फरक कमी होतो. बांधणीतली ही जुनी पद्धत आहे. सतत घासलं जाणार असेल अशा वस्तूवर मी ती वापरत नाही, कव्हरांना चालावी.

आम्लराज

खळीबद्दल वाचून आनंद झाला. सतत दमट हवा असेल तर मैद्याला बुरशी लवकर धरते, एवढं लक्षात असू द्या.

कोकणचा_नारळ

दमट म्हटल्यावर आम्हाला हजेरी लावणं आलं.

पावसात रत्नागिरीत चामडं रंगवलं की आठवड्याने पांढरं फूल येतं आणि लोक रंगाला दोष देतात. आधी ओळखा ते काय आहे. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा थोडी दुरून मारा. पांढरं वितळून आत गेलं तर ती चामड्यातली चरबी वर आली होती, फडक्याने घासलं की विषय संपला. तसंच राहिलं, वर दमट वास येत असेल, तर बुरशी. ती घराबाहेर नेऊन झटकायची, मग स्पिरिटने पुसायची, आणि वस्तू वारा लागेल अशी ठेवायची. कपाटात पिशवीत बांधून ठेवलं की संपलं.

वाळवताना एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगू नका. रंग ओघळत खालच्या कोपऱ्यात जमतो. जाळीवर आडवं, सावलीत.

कातडीबचाव

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

थेंबाची चाचणी केली. कातड्याचा नकाशाच समोर आला! मानेजवळ एक हातभर पट्टा निघाला जो पोटापेक्षाही जास्त पितो, बघून कधी कळलं नसतं. तेवढा भाग बाजूला काढला. स्पिरिटने पुसलं, ओलसर केलं, बनियनच्या गादीने पातळ रंगाचे हात दिले. गोल डाग गेले. शेजारी ठेवले तर मलाच कुठला आधी केला ते सांगता येत नाही.

आता नवीन प्रश्न. समोरून बघितलं तर सुंदर तपकिरी, पण उजेडाकडे तिरका धरला की काही ठिकाणी हिरवट तांब्यासारखी झाक. हे काय?

आम्लराज

शेवटच्या हातांचा रंग आत न जाता वर साठला आहे. कोरडा रंग पृष्ठभागावर थर धरून बसला की तो धातूसारखा चमकतो. काळ्या आणि निळ्यात हे फार होतं, गडद तपकिरीतही होतं. चामड्याचं पोट भरलंय, आणखी रंग देऊ नका.

पूर्ण वाळू द्या, किमान एक रात्र. मग कोरड्या खरबरीत सुती फडक्याने घासा, फडकं बदलत रहा. झाक हटली नाही तर फडकं स्पिरिटने जेमतेम ओलसर करून हलक्या हाताने एकदा फिरवा आणि पुन्हा कोरडं घासा. पांढऱ्या फडक्यावर रंग यायचा थांबेपर्यंत पुढची पायरी नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक इथेच घाई करतात. मग कॅफेत पांढऱ्या शर्टाच्या गिऱ्हाइकाची बाही तपकिरी होते.

सांजवेळ

मध्येच घुसते. काळा रंग एकसारखा आणायला काही वेगळं करावं लागतं का? माझ्याकडे पट्ट्यांना नेहमी कुठेतरी तपकिरी डोकावतं, आणि पांढऱ्या सलवारीवर डाग पडल्याची तक्रारही आली आहे.

रंकाळ्याचा_वारा

काळ्याला बाटली कशाला? लोखंड आणि हिरडा आहे की.

लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, तीच गोष्ट. व्हेज टॅनमध्ये टॅनिन आधीच भरलेलं. त्याला लोखंडाचं पाणी लागलं की चामडं स्वतःच काळं होतंय. वरनं फासलेला रंग नाही, त्यामुळं सलवारीला लागत नाही.

काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात लोखंडी तारेचा काथ्या. काथ्याला तेल असतं, ते आधी साबणानं धुऊन काढा. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो, घट्ट लावलं तर बरणी फुटायची. आठवडाभरानं कापडातनं गाळून घ्या. कापडछपाईवाले हेच पाणी लोखंड आणि गूळ आंबवून करतात, त्याचा वास मात्र घरात सहन होत नाही.

कातडं फिकट असेल तर आधी हिरड्याचा काढा करून तो सगळीकडं फिरवा आणि वाळू द्या. मग लोखंडाचं पाणी. आधी राखाडी, मग निळसर, मग बघता बघता काळं. एकसारखेपणा इथं टॅनिनवर आहे, ते सारखं असलं की काळं सारखंच येतंय, हाताची करामत फार लागत नाही.

आम्लराज

अगदी बरोबर, फक्त दोन पुरवण्या. काळं झाल्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने पुसून, जरा ओलसर असतानाच तेल, नाहीतर कडक होऊन तडकेल. आणि लोखंडाचं पाणी तीव्र करू नका, जादा लोखंड चामड्यात राहिलं तर वर्षानुवर्षांनी ते चामड्यालाच कमकुवत करतं. पातळ पाण्याचे दोन हात, तीव्र पाण्याचा एक नको.

क्रोम टॅनवर हे चालणार नाही. तिथे टॅनिनच नाही.

सांजवेळ

हिरडा घरात आहेच, सासूबाई खोकल्याला देतात. आज थोडा चोरते. धन्यवाद!

परदेशस्थ_पांडू

कातडीबचाव, मेनूकार्ड रोज ओल्या फडक्याने पुसलं जाणार, वर कॉफी सांडणार. वरचा हात काय देणार आहात? नुसतं मेण पुरणार नाही.

कातडीबचाव

पाण्यातलं ॲक्रिलिक फिनिश आणलंय. ब्रशने लावायचा विचार आहे.

परदेशस्थ_पांडू

ब्रश नको, तो रंग उचलून पुन्हा पट्टे पाडेल. अर्धं पाणी घालून पातळ करा, ओलसर स्पंजवर घ्या, एकदाच फिरवा आणि त्या जागी परत जाऊ नका. वाळलं की दुसरा हात. पहिल्या हाताने रंगाला कुलूप लागतं, त्यानंतर भीती नाही. फुगे दिसले तर फुंकर मारा, बोट लावू नका.

आम्लराज

त्याआधी कातरणाच्या तुकड्यावर परीक्षा घ्या. चामड्याच्या घासणीसाठी आयएसओ ११६४० म्हणून एक प्रमाण आहे, त्यात पांढऱ्या नमद्याचा तुकडा ठराविक वजनाने पुढे-मागे घासतात, कोरडा आणि ओला, आणि नमद्यावर किती रंग आला ते बघतात. तुमच्याकडे यंत्र नाही, पांढरा हातरुमाल बोटाला गुंडाळा, एकदा कोरडा आणि एकदा ओला, जोर सारखा ठेवून घासा. ओल्याला पास झालं तर कॅफेत टिकेल.

पुस्तकी_किडा

आणि सगळ्या ऑर्डरचा रंग एकाच मोठ्या बाटलीत एकदम कालवून ठेवा. दर वेळी नव्याने पातळ केलात तर प्रमाण थोडं तरी हलतंच. वापरायच्या आधी प्रत्येक वेळी बाटली हलवा.

कातडीबचाव

हे केलंय. दोन-तीन कव्हरं जादा करून ठेवू का? उद्या एखादं फाटलं तर तोच रंग पुन्हा यायचा नाही.

कोकणचा_नारळ

ठेवा, पण कपाटात ठेवलेलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर वर्षभर वापरलेलं, दोघांचा रंग तसाही वेगळा होणार. व्हेज टॅन उजेडात गडद होत जातं, वर रंग दिला तरी खालचं बदलतंच.

रंकाळ्याचा_वारा

मालकीणबाईंना आजच सांगून टाका, कव्हरं आठवड्याला टेबलं बदलून फिरवायची. खिडकीजवळची आत, आतली खिडकीजवळ. जादाची पण त्यांच्याकडंच द्या, फिरत्या मालात मिसळून वापरू देत. आणि त्यांचे पैसे बिलात लावा, नुसतं कौतुक घेऊन येऊ नका.